पापड का तडकतात? तक्ता मांडून शोधू या



पापड वाळताना तडकले की गटात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं तेल कमी पडलं, कुणी म्हणतं पीठ मुरलं नाही, कुणी म्हणतं पातळ लाटले. मग आपण अंदाजाने बदल करत राहतो आणि डाळीचे पैसे वाया जातात. कारखान्यात हाच प्रश्न कसा सोडवतात, ते आज आम्ही सांगणार आहोत.

जपानमध्ये इना सेइतो हा टाइल्सचा कारखाना होता. भट्टीत कडेला आणि मध्ये ठेवलेल्या टाइल्स एकाच मापाच्या निघेनात, कारण आच सगळीकडे सारखी लागत नव्हती. भट्टी बदलणं महागाचं होतं. म्हणून १९५३ साली तिथे कमीजास्त आच सोसेल असं मातीचं मिश्रण शोधायचं ठरलं. गेनिची तागुची यांच्या पद्धतीचं हे गाजलेलं उदाहरण. बदलण्यासारख्या ७ गोष्टी होत्या, प्रत्येकीचे दोन प्रकार. सगळ्या जोड्या करायच्या तर १२८ चाचण्या! तक्ता मांडून ८ चाचण्यांत काम झालं. चुनखडी १ टक्क्यावरून ५ टक्के केली आणि मापातला फरक खूप कमी झाला.

आता आपला तक्ता वहीत लिहून घ्या. चार वेळा पीठ मळायचं:
पहिलं – तेल कमी, मुरवणं १ तास, पापड पातळ.
दुसरं – तेल कमी, २ तास, जाड.
तिसरं – तेल जास्त, १ तास, जाड.
चौथं – तेल जास्त, २ तास, पातळ.

प्रत्येकाचे ५० पापड लाटा. निम्मे कडक उन्हात, निम्मे जरा सावलीत वाळवा. तडकलेले मोजा. कमी तेलाच्या दोन्ही पिठांची बेरीज जास्त तेलाच्या बेरजेशी ताडून पाहा. मुरवणं आणि जाडी यांचंही तसंच करा. ऊन आपल्या हातात नाही, म्हणून उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे टिकेल तेच प्रमाण निवडा. ते पुन्हा एकदा करून खात्री करा, मगच मोठी ऑर्डर घ्या.

आज इंजिनिअर सुधारित चुलीतली हवा आणि आच आधी संगणकावर तपासतात. भोक केवढं, उंची किती, हे असाच तक्ता मांडून ठरवता येतं. पण शेवटी खरी चूल पेटवूनच बघावी लागते.

पुढच्या बैठकीत कोण बरोबर यावर वाद नको. वही उघडा, आकडे बोलू द्या.