पऱ्हाटीचा धूर आणि लेकरांची छाती

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की आपल्या वऱ्हाडात पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या जातात. काही चुलीसाठी घरी येतात, उरलेल्यांना काडी लागते. वावर मोकळे व्हावे, बोंडअळी मरावी, हा हेतू योग्यच. परंतु त्या धुराचा हिशेब आपण मांडत नाही.

हवेचे प्रदूषण म्हणजे मुंबईचा प्रश्न, असे समजू नका. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत अकोला व अमरावती ही दोन्ही शहरे आहेत.

धुरातील अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकात अडत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. लहान मूल आपल्यापेक्षा भरभर श्वास घेते, त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि फुप्फुसे अजून वाढत असतात. चुलीच्या धुरात वाढणाऱ्या बालकांना न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच वावरात पऱ्हाटी पेटविली. त्या रात्री माझा चार वर्षांचा मुलगा खोकून खोकून झोपला नाही. इतरांना सल्ला देणारा मी, तेव्हा शहाणा झालो.

मग करावे काय?

१. किडकी बोंडे वेचून खोल खड्ड्यात गाडावीत. पऱ्हाटीची गंजी घरामागे ठेवू नये. गुलाबी बोंडअळी तिच्यात तग धरते.

२. हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. चार-पाच जणांनी मिळून ट्रॅक्टरचलित श्रेडर भाड्याने आणावा. बारीक तुकड्यांत शेण व कुजविणारे जिवाणू संवर्धक मिसळून, ओलावा राखून खत करावे.

३. गॅस असल्यास तोच वापरावा. चूल पेटवायचीच तर उघड्यावर किंवा धुराडे असलेल्या जागी, वाळलेल्या सरपणावर. तान्हे मूल जवळ घेऊन चुलीपुढे बसू नये. मळणीयंत्राजवळही मुलांना येऊ देऊ नये.

मूल खोकत असेल तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. दोन महिन्यांच्या आतील बाळाला तर लगेच दाखवा.

यंदा पऱ्हाटीला काडी लावण्यापूर्वी वारा कोणाच्या घराकडे आहे, एवढे जरूर पाहा.