घराची दुरुस्ती आणि सावित्रीचें पाणी

महाड गांवाच्या मध्यभागीं चवदार तळें आहे. बांधीव कांठ, त्यापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरें, अशी तेथील जुनी रचना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह या तळ्याचें पाणी प्याले. हें पाणी अडविण्याचा हक्क आपणांस आहे, असें गांवांतील कांहीं गृहस्थ पुढें कोर्टांत म्हणूं लागले. मुंबई हायकोर्टानें तें म्हणणें १९३७ सालीं फेटाळलें. घर आपलें, म्हणून पाणीहि आपल्या आज्ञेंत, ही समजूत महाडांत एकदां अशी खोटी ठरली आहे. घर सुधारावयास निघालेल्या आजच्या महाडकराला तिचा प्रत्यय निराळ्या रीतीनें येतो.

सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते. गांधारी आणि काळ या नद्या महाडच्या परिसरांतच तिला मिळतात. शिवाय बाणकोटच्या खाडींतील भरतीचा फुगवटा महाडपर्यंत चढतो. घाटमाथ्यावरील अतिवृष्टि आणि खाडींतील भरती यांची गांठ पडली, कीं पाणी गांवांत शिरतें. २००५ च्या जुलैंत तें शिरलें. २२ जुलै २०२१ रोजीं तर बाजारपेठेंतील तळमजले बुडाले, आणि ओसरल्यावर घरोघर गाळ उरला. भिंती धुवावयाच्या, फरशी उखडावयाची, तर एकदमच घराचें रूपहि पालटून घ्यावें, असें हातीं पैसा असलेल्या माणसाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे.

तथापि पैसा जातो कोठें? बहुधा डोळ्यांस दिसतें तेथें. भिंतीला अंगचीं कपाटें, छताखालीं प्लास्टर ऑफ पॅरिसचें दुसरें छत, दिवाणखान्यांत गुळगुळीत फरशी. कपाटांचें हलक्या प्रतीचें प्लायवूड एकदां भिजलें, कीं फुगून त्याचे पदर सुटतात. सिमेंटच्या गिलाव्यावर तैलरंग चढविला म्हणजे भिंतींतील ओल आंतच कोंडते आणि पुढें रंगाचे पापुद्रे निघतात. जुन्या कोंकणी घराचें जोतें उंच असे. चिऱ्याच्या भिंतीवरील चुन्याचा गिलावा ओल हळूहळू बाहेर सोडी. आणि माजघरावर माळा असे, त्यावर भात राही. जुनें तेवढें सारेंच चांगलें, असें मात्र समजूं नये. मातीच्या भिंतीनें पुरांत अनेकांना उघड्यावर आणलें आहे.

तेव्हां सुताराला बोलावण्यापूर्वीं गेल्या पुराची खूण भिंतीवर शोधावी. विजेचा मीटर, बटणें आणि इन्व्हर्टर शक्यतों त्या खुणेच्या वर न्यावीं. शौचालयाच्या नळींतून पुराचें पाणी उलटें घरांत येतें, म्हणून तेथें उलट प्रवाह अडविणारी झडप बसवावी. घरांतल्या घरांत वर जावयास जिना असावा. बाहेरचा जिना ऐन वेळीं पाण्याखालीं असतो. आणि दारें पक्कीं बंद करून पाणी बाहेर थोपविण्याची ईर्षा फार धरूं नये. एक मीटर उंचीचें पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारें अर्धा टन रेटा देतें. सामान वर चढवून पाण्याला येऊं द्यावें व जाऊं द्यावें, यांत पुष्कळदां भिंत वांचते.

पोलादपुराकडे वळलें, कीं डोंगराचें भय सुरू होतें. त्याच २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून ८० हून अधिक माणसें दगावलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेंहि माणसें गेलीं. त्या दरडी कोणाच्या घरदुरुस्तीनें कोसळल्या, असें येथें सुचवावयाचें नाहीं. परंतु परस वाढविण्यासाठीं किंवा मोटारीला जागा करण्यासाठीं डोंगराचा पायथा उभा कापणें, हा या भागांत सुधारणेच्या नांवाखालीं होणारा सर्वांत धोक्याचा खर्च होय. कापावेंच लागलें तर जाणत्या इंजिनियरास आधीं जागा दाखवावी, आणि आधारभिंतींत आंतलें पाणी निघून जाण्यास भोंकें ठेवावीं. तीं बुजलेलीं नाहींत ना, हें मृगापूर्वीं दरवर्षीं पाहावें.

महाडांत राहिला प्रश्न भरावाचा, आणि तो सर्वांत अवघड. एका मालकानें अंगण चार फूट भरून घेतलें, तर पाण्याची तितकी जागा कमी होते. तें शेजारच्या सखल घराकडे वळतें. तेथें पुष्कळदां एखादें भाडेकरू कुटुंब तळमजल्यावर राहत असतें, आणि त्याला भराव परवडत नाहीं. अंगण न भरतां, घर नव्यानें बांधावयाचें असल्यास तें खांबांवर उचलून खालची जागा मोकळी ठेवतां येते. खर्च अधिक येतो खरा, पण शेजाऱ्याच्या दारांत आपलें पाणी जात नाहीं. निदान भरावाची पहिली गाडी मागविण्यापूर्वीं, जोराच्या पावसांत एकदां छत्री घेऊन गल्लींत उभें राहावें आणि आपल्या अंगणांतून निघालेलें पाणी कोणाच्या उंबऱ्याशीं जाऊन थांबतें, तें पाहून यावें.