कागदी कपातला चहा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आत्ता बाहेर आपण सगळ्यांनी कागदी कपातून चहा घेतला. हे कप आणायचा ठराव मीच मांडला होता. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा मला वाटलं, कागद म्हणजे निर्धोक. पण नुसत्या कागदात चहा टिकेल का हो? आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवून पाहिलं. त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. पोटात गेलेले बरेचसे कण बाहेर पडतात, पण सगळे नाही. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ जणांचं रक्त तपासलं, त्यातल्या १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून शस्त्रक्रियेने काढलेला चरबीचा थर तपासला. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिइथिलीन होतं. ज्यांच्या थरात प्लास्टिक होतं, त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला.

घाबरून जाऊ नका. हे प्लास्टिकमुळेच झालं, असं त्यातून सिद्ध होत नाही. बीपीच्या गोळ्या आणि सकाळचं चालणं चालूच ठेवायचं आहे. पण सिद्ध होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कशाला? गरम पदार्थ आणि प्लास्टिक यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढं तर जमेल. सांबार आणायला घरून डबा न्या. मायक्रोवेव्हमध्ये काचेचं भांडं ठेवा.

आता एक विनंती. पहिल्या गणपतीत वर्गणी काढून घेतलेले स्टीलचे पेले स्टोअररूममध्ये पोत्यात पडून आहेत. "धुणार कोण?" म्हणून आपण ते बंद केले. प्रश्न रास्त होता. तर धुणाऱ्या ताईंना त्याचे वेगळे पैसे देऊ. कपांचा खर्च वाचणारच आहे. माझा जुना ठराव चुकला. येत्या सभेत पेल्यांचा ठराव मांडतोय. अनुमोदनाला नक्की या.