एका ओळीचे उत्तर



सामान्यज्ञान हा विषय शाळेच्या वेळापत्रकात क्वचितच आढळतो. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत मात्र त्याला मोठा मान आहे. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याचा खेळ घरोघरी पोहोचला. खेळ म्हणून तो उत्तमच आहे. अडचण एवढीच की, उत्तर पाठ होते आणि त्याला जोडलेली अट गळून पडते. कोल्हापूरच्याच काही प्रश्नांवरून हे पाहता येईल.

‘ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळविणारा पहिला भारतीय कोण?’ येथील कोणतेही मूल क्षणात सांगेल : खाशाबा जाधव. हेलसिंकी, १९५२, कुस्ती, कांस्यपदक. परंतु ‘स्वतंत्र भारताचा’ हे शब्द जोडले तरच हे उत्तर निर्दोष ठरते. कारण १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळविली आणि ती भारताच्या नावावर नोंदली गेली आहेत. अट सांगितल्याने खाशाबांचे मोठेपण तिळमात्र उणे होत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. लाल मातीत घडलेला हा तरुण १९४८ साली लंडनला गेला आणि आपल्या वजनगटात सहावा आला. पुढे हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. प्रश्नसंचात पदक येते, घर येत नाही. त्यानंतर भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळण्यास तब्बल ४४ वर्षे लागली. ते १९९६ साली लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळविले. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारे स्वप्नील कुसाळे हे याच जिल्ह्यातील, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे.

कुस्तीच्या या गावाने क्रिकेटलाही एक विलक्षण आकडा दिला आहे : ४४३. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील तेव्हाचा विश्वविक्रम होता डॉन ब्रॅडमन यांचा, नाबाद ४५२. केवळ दहा धावा हव्या होत्या. उपाहाराची वेळ झाली. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या पाहून प्रतिस्पर्धी कर्णधाराने पुढे खेळण्यासच नकार दिला, सामना सोडून दिला आणि विक्रम तेथेच राहिला. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी आजही हीच आहे. तरीही ‘भारताकडून सर्वाधिक धावांची खेळी’ असा प्रश्न आला की, विद्यार्थी कसोटी सामन्यांचाच विचार करतो आणि निंबाळकर यांचे नाव मागे पडते. त्यांना एकही अधिकृत कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या या खेळाडूचे २०१२ साली निधन झाले.

चित्रपटाच्या बाबतीत कोल्हापूरकरांना फार सांगावे लागत नाही. तरीही ‘प्रभात’ म्हटले की पुणे, हे समीकरण पक्के झाले आहे. ती संस्था १९२९ साली स्थापन झाली कोल्हापुरात आणि ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा मराठी बोलपट तयार झाला तोही येथेच. पुण्याला स्थलांतर झाले ते १९३३ साली. त्याआधी बाबूराव पेंटर यांनी येथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली होती. विशेष म्हणजे त्यांनी कॅमेराही स्वतः खटपट करून बनविला. डॉ. जयंत नारळीकरांचेही तसेच. शिक्षण वाराणसी आणि केंब्रिजला, कार्य मुंबई-पुण्यात. जन्म मात्र १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा.

इतिहासातली तारीख २६ जुलै १९०२. या दिवशी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला, तेव्हा राजर्षी शाहू महाराज कोल्हापुरात नव्हते. ते इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. पुस्तकांत आदेश आहे, दौरा क्वचितच.

महाराजांनीच काम सुरू केलेले राधानगरी धरण हा तंत्रज्ञानाचा प्रश्न. भोगावती नदीवरील या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते विजेवाचून आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. हे पाणी भोगावतीतून पंचगंगेत येते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदी धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर गेली. एव्हरेस्टची उंची मीटरमध्ये तोंडपाठ असणाऱ्या येथील मुलाला हे दोन आकडे ठाऊक असतातच असे नाही. छापील प्रश्नसंच साऱ्या देशासाठी निघतात; त्यांत पंचगंगेची पातळी कोण विचारणार? ती घरातल्या वडीलधाऱ्यांनीच विचारायची. कोणत्या वर्षी पाणी आपल्या गल्लीत कोठवर आले होते, हेही त्यांनाच ठाऊक असते.