मनोविकारतज्ज्ञ लेखणी का उचलतो?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढ मनोविकारग्रस्त होते. विकारपरत्वे त्यांतील ७० ते ९२ टक्के उपचारांपासून वंचित होते. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनाचे प्रयोजन या दरीत शोधता येते. त्यांनी १९९० मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ स्थापन केली. दवाखान्याची क्षमता मर्यादित असते. पुस्तक मात्र एकाने वाचल्याने दुसऱ्यासाठी संपत नाही. आशा म्हणजे यशाची हमी नव्हे, तर विचार बदलता येतात हा विश्वास. परीक्षेतील अपयश हे आयुष्याचे अपयश नव्हे, हा विवेक रुजला की मदत मागण्याचा संकोच ओसरतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.