अनुभव मोठा की चपळाई?



मघाशी चहाला वाद रंगला: व्यावसायिक कबड्डीत अनुभव मोठा की अंगातली चपळाई? पिंपळे गुरवपासून बालेवाडी जवळ, तेव्हा उदाहरण आपल्या पुणेरी पलटणचंच घेऊ.

१७ डिसेंबर २०२२ ला प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात पलटण जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. त्या हंगामाचा कर्णधार होता इराणचा मुरलेला बचावपटू फझल अत्राचली. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या संघात गेला, पलटणची धुरा तरुण अस्लम इनामदारकडे आली. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत याच पोरांनी हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद आणलं.

म्हणजे चपळाई जिंकली? जरा थांबा. बाहेर प्रशिक्षक बी. सी. रमेश बसले होते. स्वतः भारताकडून खेळलेले, २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिलेले. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. तीस सेकंदांत गुण आणायचा, नाहीतर बाद. तिथे पाय पोराचे असतात, पण कुठे घुसायचं आणि कुठे थांबायचं, हे कुणीतरी आधी घोटून घेतलेलं असतं.

माझं मत सांगतो. मैदानात चपळाईला पर्याय नाही, आणि ती कुणाला देता येत नाही. अनुभव देता येतो. आपल्यातले बरेच जण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत निवृत्तीला टेकलेत. हाताखालची पोरं झपाझप पुढे जातात, ते मनाला लागतं. लावून घेऊ नका. त्यांना जवळ बसवून शिकवा. समोर बसलेल्या सरांनी-बाईंनी आपल्याला शिकवलं, तसंच.