दुष्काळ सरल्यावर काय उरतं?

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपण सकाळी तासभर येणाऱ्या नळाच्या तालावर गेलं. पिंप भरलं की दिवस सुरू! तीच आपण मंडळी इथे दक्षिण कॅलिफोर्नियात येऊन लॉनवर फवारे सोडू लागलो. मीही त्यातलाच.

१ एप्रिल २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी शहरांचा पाणीवापर २०१३ च्या तुलनेत २५ टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम काढला. त्या जूनपासूनच्या वर्षभरात सुमारे २४ टक्के बचत झाली. सक्ती चालते, हे नक्की. पण धोरण तपासताना मी दोन प्रश्न विचारतो: पाऊस पडल्यावर त्यातलं काय उरतं? आणि भार कुणावर पडतो?

सक्तीने लागलेल्या सवयी हळूहळू सुटतात. उपकरणं मात्र निमूटपणे काम करत राहतात. १९९४ मध्ये घरगुती वापराच्या नव्या कमोडला एका फ्लशमागे सहा लिटरची मर्यादा आली. आधी सर्रास तेरा लिटर जात. इथे कुणाला उपदेश करावा लागत नाही.

दुसरा उपाय, जास्त वापराला चढता दर. पण त्याच एप्रिलमध्ये सॅन हुआन कॅपिस्ट्रानोच्या खटल्यात अपील कोर्टाने बजावलं, की प्रत्येक टप्प्याचा दर प्रत्यक्ष खर्चाला धरूनच हवा. शिवाय अनेक अपार्टमेंटमध्ये घरटी मीटरच नसतो, मग चढता दर भाडेकरूला कळणार कसा? नव्या इमारतींत असे मीटर बसवण्याचा कायदा २०१८ पासून लागू झाला. जुन्या तशाच राहिल्या.

तिसरा उपाय, लॉन काढणाऱ्याला अनुदान. मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टने २०१४ मध्ये ते चौरस फुटाला दोन डॉलर केलं. मीही लॉन काढलं, चेक घेतला. पाणी वाचलं, आजही वाचतंय. पण तो पैसा साऱ्या ग्राहकांच्या पाणीपट्टीतून आला होता. त्यात अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या, नव्याने आलेल्या जोडप्याचाही वाटा होता, आणि त्यांच्याकडे काढायला लॉनच नव्हतं!

म्हणून माझं मत असं: संकटात सक्ती हवी, कायमसाठी उपकरणं हवीत, आणि अनुदान देताना भाडेकरूंच्या घरांचा नंबर आधी लागावा. आपल्यातही काही जण घरमालक आहेत. भाडेकरूच्या बाथरूममधला जुना कमोड बदलायला उशीर कशाला करायचा?